जुनं म्हणायला कमीपणा वाटतो, म्हणून सगळंच ‘प्राचीन’

आमच्या पेठेतल्या देवळाला यंदा नवी कमान झाली. फ्लेक्स नाही, चांगला काळा ग्रॅनाईट आणलाय आणि त्यावर सोनेरी अक्षरात कोरून घेतलंय, ‘अतिप्राचीन पांडवकालीन जागृत देवस्थान’. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तिथंच थांबले, कारण हे देऊळ बांधताना माझ्या आज्जीनं डोक्यावरून पाट्या पाट्या वाळू वाहिलीय. नुकतं लग्न होऊन सोलापुरात आली होती ती, आजोबा मिलमध्ये होते, आणि ती सांगायची की रझाकाराच्या साली मोगलाईतून, म्हंजे निजामाच्या राज्यातून, लै माणसं इकडं आली, त्यात एक गवंडी होता, त्याच्या हाताला काम नव्हतं, मग पेठेनं वर्गणी काढली, बायकांनी वाळू वाहिली आणि त्यानं शिखर उभं केलं. म्हंजे १९४८ च्या आसपास. कधी, कुणी, कुणाच्या पैशानं, सगळं एका दमात सांगून मोकळी व्हायची. आता कमानीवर ना तो गवंडी आहे ना त्या बायका.

मूर्ती देवळाच्या आधीपासून पारावर होती असंही ती म्हणायची, त्यामुळं मूर्ती जुनी असेलच. पण किती जुनी ते कुणी बघितलेलं नाही, बघणाऱ्याला बोलावलेलं नाही, आणि तरी ‘अति’ लावून मोकळे झालो. मंडळातल्या काकांना मी विचारलं तर ते खरंच मनापासून म्हणाले, अगं देवाचा मान वाढतो की त्यानं. त्यांच्या मनात फसवाफसवी अजिबात नाहीये, आणि मला नेमकं तेच बोलायचंय. प्राचीन हा शब्द आपण वय सांगायला वापरतच नाही आता, मान द्यायला वापरतो, श्री आणि ह.भ.प. लावतात तसा. आणि एकदा का वयाचा शब्द मानाचा झाला की वय सांगायला शब्दच उरत नाही.

हे शब्द मुळात वेगवेगळी कामं करणारे आहेत. प्राचीन मधला ‘प्राच्’ म्हंजे पुढचा, पूर्वेचा, सूर्य जिकडनं आधी दिसतो ती बाजू, त्यावरून आधीचा. पुरातन मध्ये ‘पुरा’ म्हंजे पूर्वी आणि त्याला ‘तन’ लागलाय, तोच ‘तन’ नूतन मध्ये आहे, अद्यतन मध्ये आहे, सनातन आणि चिरंतन मध्येही आहे. आता बघा, पुरातन म्हंजे पूर्वीचं, म्हंजे त्याला वय आहे. सनातन म्हंजे कायम असलेलं, त्याला वयच नाही. आद्य म्हंजे पहिलं, तिथं तर वयापेक्षा नंबराचा प्रश्न आहे. जीर्ण म्हंजे झिजलेलं, ते चाळीस वर्षांचं घर पण असू शकतं. इतका बारीक फरक करणारी भाषा आपल्याकडं आहे आणि बातमीत, पाटीवर, व्हॉट्सॲपवर आपण हे सगळे शब्द एकाच डब्यातल्या साखरेसारखे टाकतो, हात जाईल तो चमचा.

आणि या सगळ्यात ज्याला कुणी विचारत नाही तो शब्द म्हंजे जुना. तो त्याच जीर्ण वरून आलाय, मधे प्राकृतात जुण्ण झाला आणि आपल्याकडं जुना. दोन हजार वर्षं लोकांच्या तोंडात घोळून गुळगुळीत झालेला शब्द. त्याची पोरंबाळं किती आहेत बघा. भेंडी जून होते. लाकूड जून असलं की सुतार खूष होतो. अनुभवी म्हातारा माणूस जुनवान असतो. आणि जुनेर, माझा आवडता शब्द, नेसून नेसून मऊ झालेलं लुगडं, त्याच जुनेराची वाकळ शिवतात आणि बाळाला पहिल्यांदा गुंडाळतात ते पण जुनेरातच, नव्या कोऱ्या कापडात नाही. म्हंजे जुनं होणं म्हंजे वाया जाणं नाही, कामाला येण्याइतकं मऊ होणं, हे आमच्या बायकांना ठाऊक होतं. चादरी विणणाऱ्या गावात हे वेगळं सांगायची गरज पडू नये.

सोलापूरला तर जुना हा शब्द रस्तोरस्ती भेटतो. जुना पुणे नाका, जुना तुळजापूर नाका, जुना एम्प्लॉयमेंट चौक. नाके पुढं सरकले पण नावं राहिली आणि रिक्षावाल्याला अजून तेच सांगावं लागतं. त्यात आमच्याकडं एका गल्लीत चार भाषा, कन्नडवाल्यांचं हळे, तेलुगूवाल्यांचं पात, मोमीन चाच्यांचं पुराना आणि आमचं जुना. कन्नडवाल्यांचं मला विशेष कौतुक वाटतं, त्यांनी त्यांच्या भाषेच्या सगळ्यात मोठ्या वारशाला नाव देताना हाच घरातला शब्द घेतला, हळगन्नड, म्हंजे साधं ‘जुनं कन्नड’. त्याच्यानंतरचं नडुगन्नड म्हंजे मधलं आणि आताचं होसगन्नड म्हंजे नवं. शेतकऱ्यालाही कळेल अशी वाटणी केली आणि त्यात कुणाचा मान गेला नाही.

आता जुन्या मिलचं घ्या. १८७७ साली सुरू झालेली ही कापड गिरणी. नवीन होती तेव्हा तिचं नाव अर्थातच जुनी नव्हतं, पुढं नरसिंग गिरजी आली, विष्णू-लक्ष्मी आल्या, मग हिला लोक जुनी मिल म्हणायला लागले. हे गाव गाव राहिलं नाही आणि शहर झालं ते या गिरण्यांमुळं. तेलंगणातनं, मराठवाड्यातनं, कर्नाटकातनं माणसं आली ती इथल्या भोंग्यावर उठायला. आमच्या घरात घड्याळ उशिरा आलं, भोंगा होता. १९३० साली ज्या गावानं इंग्रजांना मार्शल लॉ लावायला भाग पाडलं आणि ज्या गावाचे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे १२ जानेवारी १९३१ ला फासावर गेले, त्या गावातून गिरणी कामगार वेगळे काढून दाखवता येणार नाहीत. मग त्या गिरण्यांच्या भिंती पडल्या, चिमण्या पडल्या, मशिनं भंगारात गेली, तेव्हा किती जणांना वाटलं की काहीतरी प्राचीन जातंय? कुणालाच नाही. कारण ते ‘जुनाट’ होतं. देऊळ असेल तर १९४८ चं सुद्धा अतिप्राचीन, आणि गिरणी असेल तर १८७७ ची सुद्धा जुनाट, अडचण, पाडून टाकायची गोष्ट. माझा सगळ्यात मोठा राग आहे तो या भेदावर.

आणि गंमत नाही, कायदा काय म्हणतो ते लोकांना माहीतच नाही. १९५८ चा जो प्राचीन स्मारकांचा केंद्राचा कायदा आहे त्यात प्राचीन म्हणायला किमान १०० वर्षं लागतात, बस. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्यात पण वस्तूला १०० वर्षं, हस्तलिखिताला तर ७५ च पुरतात. म्हंजे कायद्याच्या भाषेत जुनी मिल प्राचीन म्हणायच्या वयाची होती. वय झालं म्हंजे लगेच संरक्षण मिळतं असं नाही, त्याला वेगळी घोषणा लागते, पण मागायची तरी सोय होती. आपण मागितलं नाही कारण आपल्या डोक्यात प्राचीन म्हंजे दगडी, देवाचं, आणि ज्याची तारीख कुणाला माहीत नाही असं काहीतरी. ज्याची तारीख माहीत आहे, ज्याच्या हजेरीबुकात आपल्या आजोबांची नावं आहेत, ते प्राचीन कसं असेल?

दगडी म्हटलं की दुसरा शब्द तयारच असतो, हेमाडपंथी. चुना न वापरता दगडात दगड बसवलेलं कुठलंही देऊळ दिसलं की हेमाडपंथी. हेमाद्री पंडित, म्हंजेच हेमाडपंत, हा देवगिरीच्या यादवांचा, महादेव आणि रामचंद्र या राजांचा मंत्री, म्हंजे तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. आता आमच्याच दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे, तिथं संगमेश्वराच्या देवळात मराठी लेख आहे आणि त्याच्यावर शक आहे ९४०, म्हंजे इसवी सन १०१८. हेमाद्रीच्या अडीचशे वर्षं आधी. अंबरनाथचं देऊळ शके ९८२ चं, ते पण दोनशे वर्षं आधीचं. आता ज्या माणसाचा जन्मही झाला नव्हता त्याच्या नावावर आपण ही देवळं चढवतो आणि ज्यांनी खरंच बांधली ते चालुक्य, ते शिलाहार, त्यांचे सूत्रधार, पाथरवट, सगळे गायब. पांडवकालीन म्हटल्यावर तर अजूनच. नाशिकच्या लेण्यांना आपण पांडवलेणी म्हणतो, पण तिथं सातवाहन आणि क्षहरात राजांच्या काळातले लेख आहेत, बौद्ध भिक्खूंना दिलेल्या दानाचे, कुणी काय दिलं ते नावानिशी. पांडव म्हटलं की ते भिक्खू पण गेले आणि दान देणारे पण गेले. माझ्या आज्जीचं जे झालं तेच.

कुडलच्या त्या लेखाचा अर्थ साधारण असा की जो हे वाचेल तो विजयी होईल. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी दगडावर लिहून ठेवलंय की बाबा वाच, तुझं भलं होईल. एवढंच नाही, शक पण घातलाय. मला हे आठवलं की भरून येतं. ज्यांना आपण प्राचीन म्हणतो ती माणसं तारीख लिहीत होती हो. आणि आपण त्यांचे वंशज म्हणवणारे, तारीख पुसून ‘अतिप्राचीन’ लिहितो.

याच लेखावरनं आद्य या शब्दाचा घोळ बघा. शाळेत आम्हाला शिकवलं की मराठीतला आद्य शिलालेख श्रवणबेळगोळचा, गोमटेश्वराच्या पायाशी, ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’. परीक्षेत मार्क मिळाले. मग अलिबागजवळच्या अक्षीचा शके ९३४ वाचला गेला आणि तो आद्य झाला, कुडलचा समोर आल्यावर सोलापूरकर म्हणायला लागले आमचा आद्य. अभ्यासकांचे वाद चालू आहेत, चालू राहू देत, अक्षरांची वळणं आणि शक तपासूनच ते सुटतील. पण आद्य हा शब्द घाई करतो. आद्य म्हटलं की मागचं दार बंद, त्याच्या आधी काही असूच शकत नाही. त्यापेक्षा ‘आजवर मिळालेल्यांत सगळ्यात जुना’ किंवा ‘सगळ्यात जुन्यांपैकी एक’ म्हणा, चार शब्द जास्त लागतील, पण उद्या एखाद्या शेताच्या बांधावर अजून एक दगड निघाला तर आपल्याला वाईट वाटणार नाही, आनंद होईल. सोलापूरची माणूस असून मी हे म्हणतेय, कुडलवर माझं प्रेम कमी आहे म्हणून नाही.

यावर एक जण मला म्हणाले की श्रद्धेच्या जागी तारखा कशाला काढता, विठोबाला कुणी वय विचारतं का. खरंय, नाही विचारत. युगे अठ्ठावीस विटेवरी उभा, हे आम्ही पण टाळ्या वाजवून म्हणतो आणि म्हणताना डोळे मिटतात. पण त्याच पंढरपूरच्या त्याच देवळात चौऱ्यांशीचा शिलालेख आहे, शके ११९५ पासूनच्या देणग्या त्यात नोंदल्यात, कुणी दिलं, किती दिलं. भक्त त्या दगडाला पाठ घासतात, चौऱ्यांशी लाख योनींचा फेरा चुकावा म्हणून. युगे अठ्ठावीस आणि शके ११९५ एकाच छपराखाली सातशे-साडेसातशे वर्षं नांदतायत, वारकऱ्याला कधी त्याचा त्रास झालेला नाही. आरतीत युगं म्हणायची आणि हिशोबात शक लिहायचा, ही समज त्यांच्याकडं होती. आपण आरतीची भाषा माहितीच्या पाटीवर लिहायला लागलो तिथं बिनसलं.

लोकांना आकडे कळत नाहीत, असंही म्हणतात, तेही मला पटत नाही. आमच्या ग्रामदैवताच्या, सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत कुणालाही विचारा, नंदीध्वज पेलणारा पोरगा सुद्धा सांगेल नऊशे वर्षांची परंपरा. तो प्राचीन म्हणत नाही, नऊशे म्हणतो. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, बसवण्णांच्या काळातले, तेव्हा या गावाला सोन्नलगी म्हणायचे, त्यांनी गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली. किती नेमकं धरून ठेवलंय लोकांनी, शतक धरलं, आकडा धरला, वाट धरली, आणि ती दरवर्षी संक्रांतीला चालून पाठ करतात.

आमच्या आज्ज्या-आजोबांची काळ सांगायची पद्धत पण अशीच पक्की होती. प्लेगात, मार्शल लॉच्या वेळी, रझाकाराच्या साली, बहात्तरच्या दुष्काळात, उजनी भरायच्या आधी, किल्लारीच्या भूकंपानंतर. प्रत्येकाला साल लावता येतं. फक्त ती भाषा समजून घ्यायला लागते. मोगलाई हा शब्दच घ्या. आमच्याकडचं जुनं माणूस मोगलाई म्हणतं तेव्हा त्याला औरंगजेब म्हणायचा नसतो, निजामाचं राज्य म्हणायचं असतं. नळदुर्ग, तुळजापूर मोगलाईत, सोलापूर इंग्रजात. ती मोगलाई १९४८ च्या सप्टेंबरात संपली. आता एखाद्या म्हाताऱ्यानं सांगितलं की ही विहीर मोगलाईत खणली आणि पाटीवाल्या पोरानं लिहिलं ‘मुघलकालीन विहीर’, तर एका शब्दात दोन-अडीचशे वर्षांची उडी झाली. म्हातारा बरोबर होता. त्याचा साधा शब्द ‘सुधारून’ भारदस्त करायला गेलो तिथं चुकलो.

भुईकोट किल्ल्याचंही तसंच, किल्ला म्हटलं की शिवकालीन हे तोंडातच बसलंय. आमचा किल्ला बहामनी काळातला, मग आदिलशाही-निजामशाहीच्या भांडणातला, १८१८ ला इंग्रजांच्या हातात गेलेला, आणि आत त्याच्याही आधीच्या देवळाचे अवशेष. याला एक शब्द पुरणारच नाही, पुरवायचा हट्ट पण कशाला.

आणि खरोखर प्राचीन काय असतं ते बघायचं तर बार्शीवरनं पुढं तेरला जा, धाराशिव जिल्ह्यात. जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापाऱ्याच्या प्रवासवर्णनात या गावाचं नाव आहे, इथलं कापड भडोचच्या बंदरातनं बाहेर जायचं. विटांचं त्रिविक्रमाचं देऊळ, गावात वस्तुसंग्रहालय. दोन हजार वर्षं. माझ्या पेठेतलं १९४८ चं देऊळ अतिप्राचीन, तर तेरला काय म्हणायचं? अति अति? मोठा शब्द लहान गोष्टीवर उधळला की मोठ्या गोष्टीच्या वेळी खिसा रिकामा.

हे फक्त दगडांपुरतं असतं तर मी एवढं लांबड लावलं नसतं. असेच शब्द माणसांवर पण लावले जातात, आणि तिथं ते जखम करतात. सोलापुरात सेटलमेंट आहे, आजही त्या भागाला सेटलमेंटच म्हणतात. इंग्रजांनी १८७१ साली कायदा केला आणि काही जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, पिढीजात, म्हंजे बाप तसा म्हणून पोरगा पण. त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेरी लावली. १९५२ च्या ३१ ऑगस्टला देशभर त्यांना मोकळं केलं, म्हणून विमुक्त. पण भाषेनं मोकळं केलं का? ‘त्यांचा तो पूर्वापार धंदाच आहे’ हे वाक्य मी चांगल्या शिकलेल्या घरात ऐकलंय. पूर्वापार कुठलं, ८१ वर्षांचा एक कायदा होता, त्याला तारीख आहे, सुरुवात आहे, शेवट आहे. तारीख काढून घेतली की तो कुणीतरी केलेला अन्याय राहत नाही, निसर्गनियम होतो. आदिम हा शब्द पण तसाच. कातकरी, कोलाम, माडिया गोंड यांना सरकारी कागदात आदिम जमाती म्हणत आले, २००६ साली केंद्रानं इंग्रजी नाव बदललं, ‘विशेष असुरक्षित’ अशा अर्थाचं केलं, पण आपल्या बातम्यांत आदिम अजून चालूच आहे. तुमच्या-माझ्यासारखाच आज सकाळी उठलेला माणूस, त्याला आपण सुरुवातीच्या काळातला कसं म्हणतो?

मराठीला २०२४ च्या ऑक्टोबरात अभिजात दर्जा मिळाला तेव्हा मला पण आनंद झाला, पार्क चौकात पेढे वाटले आम्ही. त्या दर्जासाठी भाषेचं वय सिद्ध करायला लागलं, दीड-दोन हजार वर्षांचं, आणि ते सिद्ध झालं ते नाणेघाटातल्या लेखावरनं, गाथासप्तशतीवरनं, प्राकृतापासूनच्या साखळीवरनं, कागद लावून लावून. ‘आमची भाषा अतिप्राचीन आहे’ एवढं म्हणून कुणी दर्जा दिला नसता. भाषेसाठी जो पुरावा आपण गोळा केला तो देवळासाठी, गिरणीसाठी, वेशीसाठी गोळा करायला कुणी अडवलेलं नाही. महानगरपालिकेनं, पर्यटनवाल्यांनी, मंडळांनी पाटी लावताना तीन गोष्टी लिहायच्या, कुठल्या शतकातलं किंवा सालातलं, ते कशावरून कळलं, आणि कुणी बांधलं. माहीत नसेल तर ‘काळ निश्चित नाही’ लिहायचं, त्यानं देवाचा मान कमी होत नाही. शाळेतल्या पोरांना पेठेतल्या म्हाताऱ्यांकडं पाठवायचं, वही घेऊन, रझाकाराच्या साली म्हंजे काय ते विचारून यायला. म्हातारी माणसं आता फार उरलेली नाहीत, आज्जी जाऊन पण नऊ वर्षं झाली.

मी मंडळाच्या काकांना एक कागद लिहून दिलाय. कमानीवरचं राहू दे म्हटलं, आता ग्रॅनाईट कुठं बदलता, पण आत गाभाऱ्याच्या बाजूच्या भिंतीवर एक छोटी फरशी बसवा, खर्च मी करते. त्यावर लिहायचं असं: मूर्ती आधीपासूनची, काळ निश्चित नाही. देऊळ १९४८ च्या सुमाराचं. पेठेनं वर्गणी काढून बांधलं. शिखर मोगलाईतून आलेल्या गवंड्यानं रचलं. वाळू पेठेतल्या बायकांनी वाहिली.

काकांनी कागद घडी करून खिशात ठेवलाय. दसऱ्यापर्यंत बघू म्हणाले.